कर कोण भरतो? : ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि ‘देशेर कथा’ यांतील करविरोधाची भाषा

१

वसाहतकालीन भारतीय भाषांतील गद्याचा इतिहास लिहिताना निबंध, वृत्तपत्र आणि कादंबरी यांना जे स्थान मिळते, ते करविषयक लेखनाला सहसा मिळत नाही. शेतसारा, जकात, मिठावरील कर, लायसेन्स टॅक्स यांविरुद्ध झालेले लेखन अर्थेतिहासाकडे सोपवून वाङ्मयाभ्यासक मोकळे होतात. वास्तविक वसाहतीतील प्रजेला सत्तेशी बोलण्यासाठी जी सार्वजनिक भाषा घडवावी लागली, तिचा बराच मोठा भाग कराच्या आणि पैशाच्या हिशेबातून घडला आहे. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने लिहिलेली इंग्रजी पत्रे, रामकृष्ण विश्वनाथ यांचे हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीवरील १८४३ चे मराठी पुस्तक आणि दादाभाई नौरोजी यांचा हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील १८७६ चा निबंध ही या घडणीतील ठळक स्थळे होत. या लेखनात आकडा असतो, अर्ज असतो, उपहास असतो आणि ‘आम्ही’ हे सर्वनाम असते. हे ‘आम्ही’ नेमके कोणाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

त्या प्रश्नाच्या दृष्टीने दोन संहिता शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरते. पहिली जोतीराव फुले यांची ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) आणि दुसरी सखाराम गणेश देउस्कर यांची ‘देशेर कथा’ (१९०४). पहिली पुण्यात मराठीत लिहिली गेली. दुसरी बंगालीत, पण लेखणी मराठी माणसाची. देउस्करांचा जन्म १८६९ मध्ये देवघरजवळच्या करौं गावी झाला. घराणे मूळचे कोकणातले, घरची भाषा मराठी, शिक्षण आणि लेखनाची भाषा बंगाली. दोन्ही ग्रंथ इंग्रजी राज्यातील करांविषयी आणि त्या करांनी खंगलेल्या माणसांविषयी आहेत. तरीही मराठी वाङ्मयेतिहासात ‘असूड’ सामाजिक प्रबोधनाच्या प्रकरणात येतो, तर ‘देशेर कथा’ राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात स्वदेशीच्या पानावर येते. ही विभागणी इतकी रुळलेली आहे की दोहोंची तुलना करावी असे सहसा सुचतही नाही. दोन्ही लेखक एकाच पैशाचा माग काढतात. मात्र एक जण तो समुद्रापलीकडे गेलेला पाहतो, तर दुसरा वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर उभा राहून तो कोणाच्या हाती पडला याची नोंद घेतो. दोहोंच्या वाङ्मयीन रूपातला मुख्य भेद या एका फरकातून निघतो.

२

‘असूड’ची पार्श्वभूमी सुपरिचित असली तरी तिच्यातील एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धती होती. तीस वर्षांची मुदत संपताच फेरपाहणी होऊन आकार वाढे, आणि तो वाढवताना शेतकऱ्याला विचारण्याची पद्धत नव्हती. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथून जो उठाव सुरू झाला, त्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हस्तगत करून जाळली. सरकारी चौकशीने दोषाचा मोठा वाटा सावकाराच्या माथी मारला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. पुण्याच्या सार्वजनिक सभेचा कल साऱ्याच्या जाचाकडे बोट दाखवण्याचा होता; तिने १८७३ मध्येच दख्खनच्या रयतेच्या स्थितीवर अहवाल सिद्ध केला होता. म्हणजे १८८३ मध्ये फुले लिहावयास बसले तेव्हा शेतकऱ्याच्या दैन्याची दोन स्पष्टीकरणे तयार होती. एकात सावकार अपराधी होता, दुसऱ्यात सरकार. फुले यांनी दोन्ही घेतली आणि त्यांच्यामध्ये एक तिसरा माणूस आणून बसवला. तो कचेरीतला कारकून होता, गावचा कुळकर्णी होता आणि मुहूर्त सांगणारा भटही तोच होता.

ग्रंथाची रचना हेच सांगते. पाच प्रकरणांपैकी पहिल्यात सरकारी कराचे नावही ठळकपणे येत नाही. शेतकऱ्याच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत, आणि मरणानंतरही, धर्माच्या नावाने जे घेतले जाते त्याचा तो पाढा आहे. दुसऱ्या प्रकरणात गोऱ्या कामगारांची ऐषआरामी बेफिकिरी आणि सर्व खात्यांत भरलेल्या ब्राह्मण कामगारांचे प्राबल्य येते. राष्ट्रवादी दृष्टीच्या टीकाकाराला ही सुरुवात विषयांतर वाटते. कराच्या ग्रंथात विधी कशाला, असे त्याला वाटते. पण फुले यांच्या मांडणीत विधीची दक्षिणा आणि सरकारचा सारा या एकाच वसुलीच्या दोन पावत्या आहेत. एक पावती देवाच्या नावाने फाटते, दुसरी राणीच्या. घेणारा हात बहुधा एकाच समाजाचा असतो. हे निदान सर्वस्वी मान्य करावे असे नाही. आर्यांच्या आगमनाची त्यातली कथा आजच्या इतिहाससंशोधनाला जशीच्या तशी पटणारी नाही. परंतु करवसुली ही केवळ राज्य आणि प्रजा यांच्यातील गोष्ट नसून तिच्या वाटेवर जातीने उभारलेली नाकी असतात, हे त्या काळी एवढ्या स्पष्टपणे मांडणारा दुसरा मराठी ग्रंथ दाखवणे कठीण आहे.

फुले यांना आर्थिक निःसारण दिसत नव्हते, हा समजही वाचनात टिकत नाही. विलायतेत यंत्रावर तयार होणाऱ्या मालाने येथील कारागिरांचा धंदा बुडाल्याचे ते सांगतात. सरकारने काढलेल्या कर्जांवरील व्याज, लष्कराचा खर्च, मोठ्या अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शनी यांचा ते जाब मागतात. मिठावरील जकात, शहराच्या वेशीवरची म्युनिसिपालिटीची जकात, साऱ्याच्या वर बसणारा लोकल फंड, गायराने गिळणारे जंगलखाते, पाणीपट्टी घेऊन वेळेवर पाणी न देणारे पाटबंधाऱ्याचे खाते, असा सगळा पट ते उलगडतात. ही यादी कोरडी उतरत नाही, याचे श्रेय त्यांच्या वाक्यरचनेला आहे. फुले यांचे वाक्य ‘करून’, ‘म्हणून’, ‘नंतर’, ‘शिवाय’ असे पुढे सरकत जाते, एका पट्टीवर दुसरी पट्टी चढत जाते आणि पूर्णविरामापर्यंत पोचेतो वाचणाऱ्याची दमछाक होते. शिष्ट मराठी गद्याच्या मापाने हे वाक्य सैल म्हणावे लागेल. चिपळूणकरी वळणावर वाढलेल्या समीक्षेने तसे म्हटलेही आहे. पण कराच्या ओझ्याचे वर्णन करणारे वाक्यच ओझ्याने वाकलेले असावे, यात काही औचित्य आहे. शिवाय या ग्रंथातले भाग फुले यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले होते. ऐकणाऱ्याला पूर्णविराम दिसत नाही; त्याला आवाजाचा चढ समजतो. हे गद्य पानावर जोखण्याआधी कानाने जोखले पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे चौथे प्रकरण. कलेक्टरकडे गाऱ्हाणे नेऊन निराश झालेला एक शेतकरी एकटाच स्वतःशी पुटपुटत, हातवारे करत बोलतो आहे. मग तो घरी परततो आणि निवेदक वाचकाला त्या घरात नेतो. गोठा, चूल, अंथरूण, भांडी, माणसांची वस्त्रे आणि त्यांची दुखणी अशा क्रमाने वर्णन पुढे सरकते. मराठी कथात्म गद्यात तोवर राजवाडे आणि उपवने यांचेच वर्णन विस्ताराने होत असे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’सारखा (१८५७) अपवाद सोडला तर सामान्य घराच्या अंतर्भागात मराठी लेखणी फारशी शिरली नव्हती, आणि कुणब्याच्या घरात तर नाहीच. हे वर्णन वास्तववादाच्या प्रेमातून आलेले नाही, ती पुराव्याची मांडणी आहे. सरकारने शेताची पैमाष केली. फुले घराची पैमाष करतात. आणेवारी ठरवणाऱ्या कामगाराने जमिनीची प्रत लावली तशी ते दारिद्र्याची प्रत लावतात. साऱ्याची रक्कम योग्य की अयोग्य हे ठरवायचे तर पीक मोजण्याबरोबर चूलही पाहिली पाहिजे, असा या प्रकरणाचा युक्तिवाद आहे, आणि तो दृश्यातून केलेला आहे. पुढे १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीला फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. चरित्रकारांनी रंगवलेल्या या प्रसंगाचे मूळ, वाङ्मयीन अर्थाने, या चौथ्या प्रकरणात शोधता येते.

फुले यांच्या राजनिष्ठेचा मुद्दा टाळता येणार नाही. सरकारकडे दाद मागणारा त्यांचा स्वर पुढच्या पिढीच्या राष्ट्रवाद्यांना बोचला. आजही काही अभ्यासक त्याला डावपेच म्हणून झाकू पाहतात. ते अनावश्यक आहे. ‘असूड’मध्ये अर्ज आणि फटका एकाच वाक्यात येतात. इंग्रज सरकारच्या येण्याने ज्ञानाचे दार किलकिले झाले याबद्दलची कृतज्ञता आणि तेच सरकार शेतकऱ्याच्या घामावर चैन करते हा संताप, हे दोन्ही खरे मानूनच तो ग्रंथ वाचावा लागतो.

३

‘देशेर कथा’चे पीठ वेगळे आहे. बंगभंगाच्या आदल्या वर्षी ती प्रसिद्ध झाली. देउस्कर तेव्हा ‘हितवादी’ या वृत्तपत्राशी संबंधित होते आणि बंगाली वाचकाला महाराष्ट्राची ओळख करून देण्याचे कार्य त्यांनी आधीच आरंभले होते. न्या. रानडे यांच्यावर त्यांनी बंगालीत पुस्तक लिहिले. त्यांच्या शिवाजीविषयक पुस्तिकेच्या निमित्ताने रवींद्रनाथांची ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता १९०४ मध्ये अवतरली, हे सर्वश्रुत आहे. ‘देशेर कथा’ची सामग्री त्यांनी मुख्यतः नौरोजी, रमेशचंद्र दत्त आणि विल्यम डिग्बी यांच्याकडून घेतली. नौरोजी आणि डिग्बी यांचे मोठे ग्रंथ १९०१ मध्ये, तर दत्तांच्या आर्थिक इतिहासाचे दोन खंड १९०२ आणि १९०४ मध्ये निघाले होते. लंडनमध्ये छापले गेलेले, इंग्रज वाचकाला उद्देशून मांडलेले हे आकडे देउस्करांनी बंगाली भाषेत आणले. ही कामगिरी सामान्य नव्हती. माणशी वार्षिक उत्पन्न २० रुपये हा नौरोजींचा अंदाज इंग्रजी पानावर वादाचा मुद्दा असतो. बंगाली पानावर, गावच्या वाचनालयात मोठ्याने वाचला गेला की तो आरोप होतो.

देउस्करांची पद्धत साक्षीपुराव्याची आहे. इंग्रज अधिकाऱ्याचेच म्हणणे इंग्रज राज्याविरुद्ध उभे करायचे, एकामागून एक साक्षीदार आणायचे आणि स्वतः शक्य तितके कमी बोलायचे. विणकरांचा नाश, दुष्काळ, साऱ्याचा बोजा, मिठाचा कर, व्यापाराची कोंडी असे विषय येतात. त्यात एक विलक्षण भर अशी की मनावर मिळवलेल्या विजयाचे, चित्ताच्या संमोहनाचे विवेचनही येथे आहे. नुसत्या आकडेशास्त्राने जे दिसले नसते ते देउस्करांना येथे दिसले. संपत्तीबरोबर आत्मविश्वासाचेही निःसारण होते, हा विचार त्यांना दत्त-डिग्बींच्या पलीकडे घेऊन जातो.

ग्रंथनामाचाही विचार करण्याजोगा आहे. बंगालीत ‘कथा’ म्हणजे बोलणे, शब्द, गोष्ट. हिंदी भाषांतरकारांनी ‘देश की बात’ असे नाव दिले ते अचूक होते. मराठी कानाला मात्र ‘कथा’ म्हटले की आख्यान ऐकू येते, आणि या पुस्तकात आख्यान नाही. कोणी शेतकरी घरी परतत नाही, कोणी स्वतःशी पुटपुटत नाही. कर भरणारा येथे ‘देश’ आहे. देशाला पोट आहे, देशाला भूक आहे, देश रक्तहीन होतो आहे. ही रूपकयोजना प्रभावी आहे आणि तिनेच पुस्तकाला त्याचे आवाहन दिले. परंतु देश एकदा कर भरू लागला की देशातल्या देशात कोण भरतो आणि कोण घेतो, हा भेद धूसर होतो. देउस्करांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. ही त्या रूपकाची अंगभूत मर्यादा आहे.

४

या मर्यादेमागे केवळ लेखकाची दृष्टी नाही, बंगालची जमीनव्यवस्थाही आहे. १७९३ च्या कायमधाऱ्याने सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये जमीनदार आणि त्याच्याखाली मध्यस्थांची उतरंड उभी राहिली. कसणारा जे देई ते सरकारला नव्हे, जमीनदाराला देई. भाषेत याची खूण राहिली आहे. बंगालीत ‘खाजना’ म्हणजे द्यावयाची रक्कम, मग ती जमीनदाराला द्यायची असो की सरकारात भरायची. मराठीत ‘खजिना’ म्हणजे ती रक्कम जिथे जाऊन पडते ते ठिकाण. एकाच फारसी-अरबी मुळाचा शब्द एका भाषेत देणाऱ्याच्या बाजूने वापरला गेला, दुसरीत घेणाऱ्याच्या. मराठीत देणाऱ्याच्या बाजूला सारा, धारा, पट्टी, दस्त असे बारीक भेद करणारे शब्द टिकले, आणि फुले त्यांचा पुरेपूर उपयोग करतात. बंगाली भद्रलोक वाचकाच्या घरातही बऱ्याचदा खाजन्याचाच पैसा येत असे. त्या वाचकाला साम्राज्याविरुद्ध उभे करायचे असेल तर ‘देश’ हाच कर्ता सोयीचा होता. रमेशचंद्र दत्त यांनी कर्झनला लिहिलेल्या खुल्या पत्रांत (१९००) साऱ्याला कायमची मर्यादा घालण्याची मागणी केली आणि १९०२ च्या सरकारी ठरावाने तिला उत्तर दिले, त्या वादातही बंगालचा कायमधारा हा आदर्शाच्या जवळ ठेवला गेला होता.

मात्र जमीनव्यवस्थेवरून वाङ्मयरूप गणितासारखे काढता येईल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. बंगालीतच बंकिमचंद्रांचा ‘बंगदेशेर कृषक’ हा १८७२ चा लेख आहे. त्यात हाशिम शेख आणि रामा कैवर्त यांना पुढे करून देशाची भरभराट झाली ती कोणाची, असा रोखठोक प्रश्न विचारला आहे. परान मंडलकडून जमीनदाराचे लोक कोणकोणत्या निमित्तांनी पैसा उकळतात याचे त्यातले वर्णन ‘असूड’च्या पहिल्या दोन प्रकरणांची आठवण करून देते. तरीही कायमधारा मोडावा असे बंकिमचंद्र म्हणत नाहीत. निदान केल्यावर ते थांबतात. उलट बाजूने, रयतवारीच्या मुलखात राहूनही सार्वजनिक सभेने कुणब्याच्या घराचे दृश्य उभे केले नाही. तिने तक्ते उभे केले. म्हणजे व्यवस्था शक्यता निर्माण करते, एवढेच म्हणता येते. त्या शक्यतेत शिरायचे की नाही, हे लेखक कोणाच्या घरात वाढला आणि कोणासाठी लिहितो यावर ठरते. हाशिम शेख प्रश्नात येतो आणि प्रश्न संपताच निघून जातो. फुले यांचा कुणबी मात्र घरी जातो, आणि वाचकाला त्याच्यामागून जावे लागते.

५

तौलनिक साहित्याभ्यासाने या ठिकाणी स्वतःच्या पद्धतीकडेही पाहिले पाहिजे. ‘देशेर कथा’ प्रवासी संहिता आहे. लंडनचे आकडे, कलकत्त्याची बंगाली, मग हिंदी. माधवप्रसाद मिश्र आणि बाबूराव विष्णु पराडकर यांनी तिची हिंदी रूपे सिद्ध केली. पराडकर हे देउस्करांचे भाचे, पुढे काशीच्या ‘आज’चे ख्यातनाम संपादक. म्हणजे बंगाली ग्रंथ हिंदीत नेणारा हातही मराठी घरातलाच होता. १९१० मध्ये सरकारने ‘देशेर कथा’वर बंदी घातली. सरकारच्याच कागदांतून वेचलेले आकडे देशी भाषेत आल्यावर राजद्रोही ठरले, हा त्या बंदीचा अर्थ. प्रभाव, स्वीकार, भाषांतर, बंदी या सर्व परिचित कोष्टकांत हा ग्रंथ चपखल बसतो, म्हणून त्याच्यावर लिहिणे सोपे जाते.

‘असूड’ यांपैकी कोणत्याच कोष्टकात बसत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापण्यास कच खाल्ली, फुले यांनी त्याबद्दल आपला रोष लपवला नाही. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने वाचकांहाती पडला नाही. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयाच्या १९६९ मधील प्रकाशनाने तो सर्वत्र उपलब्ध झाला, आणि गो. पु. देशपांडे यांच्या २००२ मधील इंग्रजी संकलनाने तो महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांत पोचला. त्याच्यावर बंदी घालण्याची वेळ आली नाही. ती कामगिरी स्वकीयांच्या संकोचानेच पार पाडली. देउस्करांच्या बंगालीपर्यंत महाराष्ट्र पोचला तो शिवाजी आणि रानडे यांच्या रूपाने, आणि निःसारणाचा हिशेब पोचला तो इंग्रजीतून. हडपसरच्या श्रोत्यांनी ऐकलेला कराचा हिशेब त्या मार्गाने जाणे शक्य नव्हते. भारतीय साहित्याची तुलना जर केवळ प्रवास केलेल्या संहितांची असेल, तर करविरोधाचा भारतीय इतिहास हा भाषांतरित होऊ शकलेल्या वर्गाचा इतिहास ठरेल. न पोचलेल्या संहितेच्या वाटेवर कोणती नाकी होती, हाही तुलनेचाच विषय आहे.

दोन्ही ग्रंथ कराच्या पैशाने काय व्हावे याबद्दल जे सुचवतात, त्यातही हेच अंतर दिसते. देउस्करांच्या पुस्तकाचा रोख स्वदेशी आणि स्वराज्य यांकडे जातो. बाहेर वाहणारा ओघ बांध घालून अडवावा, ही त्याची प्रेरणा. पाचव्या प्रकरणात फुलेही बांध घालायला सांगतात, पण तो रूपकातला नव्हे. लष्कर आणि पोलिस यांतील रिकाम्या हातांनी शेतशिवारात तालीवजा बांध-बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी वाहून न जाता शेतात मुरेल, अशी त्यांची सूचना आहे. कारण रयतेच्या कराचा मोठा वाटा खाणारी खाती हीच होती. त्याच प्रकरणात शेळ्यामेंढ्यांचे खत, शेतकऱ्यांची प्रदर्शने व बक्षिसे, त्यांच्या मुलांचे शिक्षण आणि बड्या पगारांची कपात यांची तजवीज आहे. खडकवासल्याच्या धरणाच्या कामात कंत्राटदार म्हणून वावरलेल्या माणसाला दगड आणि माती किती लागते हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांचा असूड शेवटी एका अंदाजपत्रकावर येऊन थांबतो. त्यात पगार आणि पेन्शनींतून पैसा वजा होतो आणि ताली, विहिरी व शाळा यांच्या रकान्यात जमा होतो.